कमानींचा इतिहास आणि दूरचा प्रवास

माझा एक जुना विद्यार्थी मध्यंतरीं भेटावयास आला होता. जुनी मालमोटार घेऊन, तिच्यावर राहण्याची खोली बांधून, वृद्ध आईसह लडाखपर्यंत जाण्याचा त्याचा मनोदय आहे. आईची पाठ दुखरी, म्हणून त्यानें विचारलें, “गुरुजी, गाडीला कमान कोणती घालूं? पाट्यांची, वेटोळ्याची कीं हवेची?” मी इतिहास शिकविणारा मॅट्रिक मास्तर, यंत्रविद्या हा माझा प्रांत नव्हे. तथापि या प्रश्नालाहि इतिहास आहे, आणि त्या इतिहासांतच उत्तर आहे, असें मला वाटतें. तेंच आज आपणांपुढें मांडतों.

आरंभ रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञापासून केला पाहिजे. भार ज्या प्रमाणांत वाढतो त्याच प्रमाणांत कमान दबते, हा नियम त्यानें १६७८ सालीं विशद केला. नियम शाळकरी मुलालाहि समजेल इतका सोपा आहे; परंतु ओझें किती हें ठाऊक असल्यावांचून कमान निवडतांच येत नाहीं, हा त्याचा अर्थ पुष्कळांच्या ध्यानांत राहत नाहीं. पुढें १८०४ च्या सुमारास ऑबडाया एलियट या लंडनच्या कारागिरानें लंबवर्तुळाकार कमानी घोड्यांच्या गाड्यांना बसविल्या. गाडीखालील जड दांड्याची गरज त्यामुळें उरली नाहीं आणि गाड्या हलक्या झाल्या.

मोटारीला ही कमान घोडागाडीकडून वारशानें मिळाली. पोलादी पाट्यांचा तो एकच जुडगा भार तोलतो, आंसाला जागेवर धरून ठेवतो, आणि पाटे परस्परांवर घासत असल्यानें उसळीहि थोडीबहुत शमवितो. मुख्य पाटा शाबूत असेल तर दुसरा एखादा तुटूनहि गाडी हळूहळू पुढचें गांव गांठते. १९५५ च्या सप्टेंबरांत ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील सहा तरुण दोन लँड रोव्हर गाड्या घेऊन लंडनहून निघाले, ते हिंदुस्थान व ब्रह्मदेश ओलांडून १९५६ च्या मार्चांत सिंगापुरास पोंचले. त्या गाड्या पाट्यांच्या कमानींवरच चालत होत्या.

मग वेटोळ्याची कमान कां आली? जर्मनींत १९४८ सालीं शेतकऱ्यांसाठीं उनिमोग नांवाची गाडी निघूं लागली. तिला वेटोळ्याच्या कमानी होत्या. त्यांमुळें चाक पुष्कळ वरखालीं होई आणि खांचखळग्यांतहि सहसा जमीन सोडीत नसे. १९७० ची रेंज रोव्हरहि याच वाटेनें गेली. परंतु वेटोळें केवळ भार तोलतें. आंसाला जागेवर ठेवण्यास निराळे दांडे व रबरी सांधे लागतात. शिवाय कमान चांगली असली म्हणजे सर्व कांहीं निभावतें, असेंहि नाहीं. १९७१-७२ सालीं अशा दोन रेंज रोव्हर अलास्काहून दक्षिण अमेरिकेच्या टोंकाकडे गेल्या, तेव्हां दारिएनच्या दलदलींत त्यांच्या आंसांतील दंतचक्रें फुटलीं व मोहीम खोळंबली.

हवेची कमान बसणाऱ्याला सर्वांत सुखद. अमेरिकेंत १९५४ सालीं ग्रेहाउंड कंपनीच्या सीनिक्रूझर बसगाड्या अशा कमानींवर धांवूं लागल्या. ओझें कमीजास्त झालें तरी हवा भरून वा सोडून गाडीची उंची कायम राखतां येते. गुळगुळीत राजमार्गावर तिला तोड नाहीं. परंतु तिच्यामागें हवा दाबणारें यंत्र, नळ्या आणि झडपा यांचा परिवार असतो. कडाक्याच्या थंडींत नळींतला ओलावा गोठूं शकतो. रबरी पिशवी धारदार दगडानें फाटली तर गाडी तेथेंच बसते.

आतां आपल्या देशाकडे पाहूं. १९५४ पासून टाटांनीं जर्मन सहकार्यानें जमशेदपुरास मालमोटारी बांधण्यास आरंभ केला. त्या मोटारींनाहि पाट्यांच्याच कमानी होत्या. आणि आज हमरस्त्यांच्या कडेला कमानपाट्यांचे कारागीर जागोजाग भेटतात. परक्या मुलुखांत जिचा वैद्य सहज भेटेल अशी कमान बरी. म्हणून मीं पाट्यांचा कौल दिला.

“पण आईची पाठ?” त्याचा हा प्रश्न रास्त होता. येथें पुन्हा हूकच्या नियमाकडे वळावें लागतें. मालमोटारीची कमान पूर्ण मालासाठीं बांधलेली असते. तिच्यावर हलकी खोली ठेवली तर ती दबतच नाहीं. प्रत्येक धक्का थेट माणसाला लागतो आणि सांगाड्यालाहि तडे जातात. यास्तव प्रत्यक्ष वजनाला जुळणारी, लांब व मऊ कमान जाणत्या कारागिराकडून बांधून घ्यावी आणि उसळी आवरणारे शॉक ॲब्सॉर्बर उत्तम प्रतीचे घालावे. खोलीहि सांगाड्याला चहूंकडून जखडूं नये. उंचसखल जागीं सांगाडा पिळवटतो. तो पीळ खोलींत शिरूं नये म्हणून तिला तीन ठिकाणींच आधार द्यावा. चार पायांचा पाट डुगडुगतो, तिवई डुगडुगत नाहीं, हें आपल्या स्वयंपाकघरांतलें ज्ञान येथेंहि लागू पडतें.

उठतांना त्यानें विचारलें, “मग आरंभ कोठून करूं?” मीं म्हटलें, “खोलीचें काम झालें कीं पाणी, इंधन, भांडींकुंडीं, सारें भरून गाडी वजनकाट्यावर ने. आणि आईलाहि गाडींत बसवून ने; हिशेब तिच्यासकट झाला पाहिजे.”