सातशे चौदा खाटा

१९३५ साली लंडनच्या पश्चिमेला आयलवर्थमधल्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलकडे शेजारच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमातला दवाखाना सोपवला गेला. त्याबरोबर दीर्घकाळ पडून असलेल्या रुग्णांच्या ७१४ खाटाही आल्या. त्यांचं काम डॉ. मार्जोरी वॉरन यांच्या वाट्याला आलं. बाई मूळच्या सर्जन.

या रुग्णांमध्ये बहुतेक म्हातारी माणसं होती, आणि त्यांतल्या अनेकांना कुणी नीट तपासलेलंही नव्हतं. अर्धांगवायू झाला, झोपवलं. मांडीचं हाड मोडलं, झोपवलं. पडून पडून सांधे आखडत, पाठीला बेडसोअर होत, लघवीवरचा ताबा सुटे आणि या सगळ्याला ‘वय झालं’ हे एकच कारण चिकटवलं जाई. वॉरनबाईंनी ते कारण नाकारलं. त्यांनी एकेकाला तपासलं, कोण उठू शकेल आणि कोण नाही याचे गट पाडले. वॉर्डात उजेड वाढवला, भिंती रंगवल्या. मग माणसांना खाटेवरून उठवायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं पडून असलेले कित्येक जण चालायला लागले, काही घरी गेले.

हे एकट्या डॉक्टरच्या हातचं नव्हतं. पाय हलवायला फिजिओथेरपिस्ट, बटण लावणं नि जेवणं पुन्हा शिकवायला ऑक्युपेशनल थेरपिस्ट, रात्रंदिवस जवळ असणाऱ्या नर्स, घरी सांभाळायला कुणी आहे का हे पाहणारी समाजसेविका, असे सगळे एकाच माणसाचा एकत्र विचार करू लागले. मला या कथेतला सर्वांत मोठा शोध हाच वाटतो. त्यासाठी नवं औषध लागलं नव्हतं. १९४३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये वॉरनबाईंनी आग्रहाने मांडलं, की असे वॉर्ड सर्वसाधारण रुग्णालयातच हवेत. तपासण्या तिथे होतात आणि विद्यार्थीही तिथेच शिकतात.

म्हाताऱ्यांच्या वैद्यकाला ‘जेरियाट्रिक्स’ हे नाव न्यूयॉर्कच्या इग्नाट्झ नाशर यांनी १९०९ सालीच दिलं होतं, पण त्याला वॉर्ड मिळाला तो इंग्लंडात. १९८४ साली अमेरिकेत लॉरेन्स रुबेन्स्टाइन यांनी माजी सैनिकांच्या रुग्णालयात चिठ्ठ्या टाकाव्यात तसे म्हाताऱ्या रुग्णांचे दोन गट केले. अशा टीमच्या वॉर्डात गेलेल्यांपैकी वर्षभरात २३.८ टक्के दगावले, नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी ४८.३ टक्के. ज्यांना वॉरनबाईंचं काम केवळ मायेचं वाटत होतं, त्यांना हे उत्तर पुरेसं आहे.

आपल्याकडे चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी १९७८ साली वृद्धांसाठी वेगळी ओपीडी सुरू केली. पुढे वृद्धांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मुंबईचं जे. जे. रुग्णालयही विभागीय केंद्र झालं. तालुक्याच्या दवाखान्यात मात्र आजीच्या केसपेपरवर अजून वयच आजाराच्या जागी असतं. तुमच्या घरचं म्हातारं माणूस ॲडमिट असेल, तर राउंडला आलेल्या डॉक्टरांना दुसऱ्याच दिवशी विचारा: यांना खाटेवरून कधी उठवायचं, आणि कोण उठवणार?