केडगावचे पुनरुज्जीवन (१९०५)

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या केडगाव (जि. पुणे) येथील मुक्ती मिशनमध्ये उसळलेली ख्रिस्ती प्रार्थनेची लाट. वेल्समधील धर्मजागृतीच्या वार्तांनी भारावून रमाबाईंनी जानेवारी १९०५ मध्ये मुलींचे प्रार्थनामंडळ सुरू केले. जूनअखेरीस एका मुलीला आपले अंग पेटल्यासारखे वाटले. सोबतीण पाण्याची बादली आणायला धावली. लगोलग, रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय शांतपणे समजावून सांगत असताना सगळ्या मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. प्रवचन तिथेच थांबले.

काही मिशनऱ्यांना हा निव्वळ उन्माद वाटला. रमाबाईंनी मात्र मुलींना आवरले नाही. भारतीय ख्रिस्त्यांनी देवाला आपल्या रीतीने आळवावे, असे त्यांचे मत होते. पण एवढ्यावरून रमाबाईंना भाबड्या समजणे अन्यायाचे ठरेल. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावरही त्रैक्याचा सिद्धान्त आणि चर्चचा अधिकार यांवर त्यांनी तिथल्या मठातील सिस्टर जेराल्डीनशी पत्रांतून कडाडून वाद घातला होता. पटल्यावाचून मान तुकवणे त्यांना जमत नसे. हिब्रू आणि ग्रीक शिकून, मूळ ग्रंथ समोर ठेवून त्यांनी बायबल साध्या मराठीत आणले, तेही आश्रमात हा भावावेश ओसंडत असतानाच्या वर्षांत हाती घेऊन. कमी शिकलेल्या बाईलाही ते वाचता यावे, हा त्यांचा ध्यास. छपाईचे काम आश्रमातल्या स्त्रियांनीच केले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.