गंगाराम कांबळे यांचे हॉटेल आणि आपण



स्मरणिकेत नेहमी सभा-परिषदांचा इतिहास येतो. आज एका चहाच्या हॉटेलाचा सांगतो.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नोकरीला होते. सवर्णांच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना बेदम मारले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' हॉटेल उभे राहिले. ज्याचा पाण्याला हात चालत नव्हता, तो आता चहा विकू लागला!

पण गिऱ्हाईक येईना. खोट चहात नव्हती, माणसांच्या मनात होती. तेव्हा महाराज स्वतः हॉटेलापुढे गाडी थांबवून गंगारामांच्या हातचा चहा घेऊ लागले, सोबतच्यांनाही पाजू लागले. राजा पितो म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? त्याच सुमारास, १९१९ साली, विहिरी, शाळा, दवाखाने अशा सार्वजनिक जागी शिवाशिव पाळू नये, असे हुकूम संस्थानात निघाले. हुकमाने जे कागदावर आले, ते या हॉटेलात कपबशीतून लोकांच्या गळी उतरले.

६ मे १९२२ रोजी महाराज गेले. १९२५ साली गंगारामांनीच समाजाला सोबत घेऊन कोल्हापूरच्या नर्सरी बागेत त्यांचे स्मारक उभारले. घेतलेल्या मदतीची जाण ठेवली.

आपण कसाऱ्याची माणसं. घाट चढायला गाडीला मागून बँकर इंजिन लावतात, इगतपुरीला ते सुटते, हे आपली पोरंही जाणतात. महाराज गंगारामांचे बँकर झाले. पण पुढचे इंजिन बंद असते, तर गाडी घाट चढली असती का? पहाटे चूल पेटवणे, भांडी लख्ख ठेवणे, पै-पैचा हिशोब, हे गंगारामांनाच करावे लागले असणार.

आता कडू बोलतो. आपल्याच एका पोराचे दुकान माझ्या डोळ्यांदेखत उधारीने बुडाले. 'आपलाच आहे, देऊ कधीतरी' म्हणणाऱ्यांत मीही होतो. जयंतीची वर्गणी मात्र आम्ही वेळेवर दिली. याची आजही लाज वाटते.

भगवान बुद्धांनी सम्यक आजीविका सांगितली. शस्त्र, प्राणी, मांस, दारू, विष यांचा व्यापार नको म्हटले. प्रामाणिक नफ्याला नाही म्हटले नाही. तेव्हा आपल्या मुलामुलींनी धंदा काढावा, नफा करावा, त्यातला वाटा विहारातल्या अभ्यासिकेला द्यावा. आणि आपण? रोख पैसे देऊन माल घ्यावा. बँकर होण्यासाठी राजा असावे लागत नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!