थट्टेची दिशा कशी फिरली? छुपा कॅमेरा आणि चार मित्रांची गोष्ट

१/८
छुप्या कॅमेऱ्याने अनोळखी माणसाची फजिती टिपायची, हा मनोरंजनप्रकार पाऊणशे वर्षांहून जुना आहे. मात्र २०११ साली चार अमेरिकी मित्रांनी या थट्टेची दिशाच फिरवली. ती कशी, हे या थ्रेडमध्ये पाहू.

२/८
आरंभ दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. ॲलन फंट अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअरमध्ये होते. सैनिकांची गाऱ्हाणी ध्वनिमुद्रित करताना त्यांच्या लक्षात आले, की यंत्राचा लाल दिवा लागताच बोलका जवानही अडखळतो. त्यांनी दिवा बंद ठेवला आणि माणसे मोकळी झाली.

३/८
याच अनुभवातून १९४७ मध्ये ‘कॅन्डिड मायक्रोफोन’ हा नभोवाणी कार्यक्रम जन्मला. १९४८ मध्ये तो दूरचित्रवाणीवर आला आणि पुढे ‘कॅन्डिड कॅमेरा’ या नावाने घरोघरी पोहोचला.

४/८
१९६२ चा त्यातला एक प्रसंग गाजला. लिफ्टमधले सारे जण दाराकडे पाठ करून उभे राहतात. मध्ये सापडलेला बिचारा अनोळखी इसमही हळूहळू वळतो! समूहाचे दडपण म्हणजे काय, हे समजावताना हा प्रसंग आजही सांगितला जातो.

५/८
पण येथेच एक नैतिक पेच होता. ज्याच्यावर जग हसणार, त्यालाच खेळ ठाऊक नसे. त्याची संमती मागायची ती फजिती झाल्यावर. अशाने मस्करीची कुस्करी व्हायला कितीसा वेळ लागणार?

६/८
डिसेंबर २०११ मध्ये ‘इम्प्रॅक्टिकल जोकर्स’ सुरू झाला. जो गॅटो, जेम्स मरे, ब्रायन क्विन आणि साल व्हल्कॅनो हे न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील एकाच शाळेतले मित्र. एक जण लोकांत जातो. उरलेले तिघे आडून त्याच्या कानात आज्ञा सोडतात. आज्ञा नाकारली, की हार. शेवटी हरलेल्याला शिक्षा. ती मात्र नाकारता येत नाही. अनोळखी माणूस आता मुख्यतः साक्षीदार. लाजेने लाल होतो तो मित्रच.

७/८
मरे यांना उंचीचे भय, म्हणून त्यांना विमानातून उडी! एकदा तर गॅटो यांनी निवडलेले टॅटू उरलेल्या तिघांना कायमचे गोंदवून घ्यावे लागले. मर्मावर नेमके बोट ठेवायला वर्षानुवर्षांची ओळख लागते. आणि ते ठेवू द्यायला विश्वास. परक्याने केले असते तर छळ ठरला असता, तो येथे जिव्हाळा ठरतो.

८/८
२०२१ च्या अखेरीस गॅटो बाहेर पडले. त्यांच्या जागी पाहुणे कलाकार येऊ लागले. कार्यक्रम चालू राहिला. पण पाहुण्याला मित्रांची भीती सांगावी लागते, मित्राला ती आधीच ठाऊक असते. फंट यांनी माणसाचा खरा चेहरा टिपण्यासाठी कॅमेरा लपवला. या चौघांना कॅमेरा कुठे आहे हे पक्के माहीत होते. तरीही चेहरे खरेच राहिले, कारण समोर मित्र होते.