शेऱ्यांची निर्यात

संगणकावर चालणाऱ्या मुद्रितशोधनात परीक्षकांनी मसुद्याच्या पानांवर नोंदवलेले शेरे, त्यांच्या कर्त्यांची नावे व तारखा यांसह, मूळ दस्तऐवजापासून अलग करून स्वतंत्र फाइलीत उतरवून घेण्याच्या क्रियेस ‘शेऱ्यांची निर्यात’ म्हणतात. खिळ्यांच्या छापखान्यात समासातल्या खुणांनी भरलेले गॅलीप्रूफ हेच दप्तरी ठेवण्याचा दाखला असे. आता लेखक, संपादक व मांडणीकार एकाच प्रुफावर निरनिराळ्या गावांहून एकाच वेळी शेरे लिहितात, आणि ते काम जेथे चालले त्या सेवेची मुदत संपली की शेऱ्यांपर्यंत पोहोचण्याची वाटही बंद होऊ शकते, म्हणून त्यांचा उतारा वेळीच काढून ठेवणे अगत्याचे ठरते.

अडोबीने 1993 साली प्रचारात आणलेल्या पीडीएफ या स्वरूपात शेरा पानाच्या मजकुरात मिसळलेला नसतो. त्याचा प्रकार, कर्ता, वेळ व आशय ही त्याची स्वतंत्र नोंद असते, आणि त्याचे स्थान एका इंचाच्या बहात्तराव्या भागाच्या मापाने पानावर निश्चित केलेले असते. एफडीएफ आणि तिचे एक्सएमएल रूप एक्सएफडीएफ या फाइली पाने मागे ठेवून केवळ या नोंदी वाहून नेतात व त्याच पीडीएफमध्ये परत घातल्या असता प्रत्येक शेरा आपल्या जागी बसवतात; मात्र मधल्या काळात मांडणी सरकली असेल, तर तोच शेरा बिनतक्रार भलत्याच ओळीवर जाऊन बसतो. वर्डच्या डीओसीएक्स या स्वरूपाची रीत निराळी आहे: तेथे शेऱ्याच्या आरंभाची व अंताची खूण मजकुरातच रोवलेली असल्यामुळे परिच्छेद हलला तरी शेरा त्याच्याबरोबर हलतो.

निर्यातीचे खरे मर्म या स्थाननिर्देशात आहे. ‘येथे ऱ्हस्व हवा’ हा शेरा पानावर पूर्ण अर्थवान असतो, पण निर्यात केलेल्या शेऱ्यांच्या कोष्टकात एकटा उतरला की कोणत्या शब्दातले कोणते अक्षर, हे कळण्याचा मार्ग उरत नाही आणि शोधकाचे सारे श्रम वाया जातात. पीडीएफमधील रंगवलेल्या ओळीची नोंददेखील मुळात त्या जागेचे कोपरेच सांगते, शब्द नव्हे. म्हणून कोष्टकात पृष्ठांक व संबंधित शब्द हे स्तंभ असावेतच, शिवाय शेऱ्यांसह पानांची एक प्रत जोडावी, असे प्रस्तुत लेखकाचे आग्रहाचे मत आहे. उत्तर-प्रत्युत्तरांची साखळी तुटली नाही ना, आणि निकाली काढलेले शेरे गाळले गेले नाहीत ना, हेही पाहावे.

मराठी मजकुराची एक अडचण विशेष आहे. युनिकोडपूर्व फाँटांत जुळवलेल्या पानांतून निर्यात केलेले शब्द बहुधा रोमन अक्षरांच्या निरर्थक ओळी होऊन येतात. याउलट युनिकोडमधील शुद्ध शेरेसुद्धा, त्यांच्या कोष्टकाची सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट उघडल्यास, विद्रूप दिसू शकतात, तेव्हा ती फाइल ‘डेटा’ विभागातून आयात करून यूटीएफ-8 ही संकेतप्रणाली निवडावी.