अंजिराचं नाव काय?

टोरांटोतल्या भाच्यानं परवा फोटो पाठवला. कुंडीतलं अंजीर. हिवाळा आला की कुंडी गॅरेजात नेतो म्हणाला. खाली प्रश्न: "मामा, बीडला आजोळच्या वाड्यातलं अंजीर हेच का?"

मी पान बघितलं, फळ बघितलं आणि गप्प झालो. वाड्यातल्या झाडाला माझे आजोबा 'दौलताबादी' म्हणायचे. झाड गेलं, सांगणारेही गेले.

आता इतिहास बघा. आपल्याकडे अंजिराच्या जातींना नावं पडली ती गावांवरून, 'पुना' आणि 'दौलताबाद'. पुढं परभणीच्या कृषी विद्यापीठानं 'दिनकर' ही सुधारित जात दिली. कॅलिफोर्नियाच्या आयरा कॉन्डिट यांनी १९५५ साली शेकडो जातींचा ग्रंथ केला, तर एकाच जातीला देशोदेशी वेगळी नावं निघाली. कारण अंजीर लागतं फांदीच्या छाटावरून. फांदी हातोहात जाते, नाव वाटेत गळतं.

बरं, फळावरून ओळखावं, तर हवेप्रमाणे तेही बदलतं. पुरंदरात एकाच जातीचा खट्टा बहार आणि मीठा बहार चवीला वेगळे. त्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या बीडच्या सीताफळालाही तेव्हाच. वाड्यातल्या झाडाची मात्र कुठंच नोंद नाही.

भाच्याला लिहिलं, "नाही सांगता येत रे. पण कुंडीला चिठ्ठी बांध. कुणाकडून आणलं, कधी, ते लिही."

तुमच्या दारातलं झाड कुठून आलं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. भेटू पुढच्या भागात.