कोणता संसार सोडायचा?

माउली, आमच्या पारायणात एका आजींनी परवा मध्येच विचारले, "बुवा, संत म्हणतात संसार सोडा. मग माझ्या सुनेने सैपाक टाकून इथे येऊन बसायचे का?" सगळे हसले. मला मात्र पुढची ओवी वाचवेना. घोटाळा त्या एका शब्दात होता.

संस्कृतात 'सम्' आणि 'सृ' मिळून संसार. सृ म्हणजे सरणे, वाहणे. जन्ममरणाचे न थांबणारे फिरणे, तो संसार. शके १२१२ च्या ज्ञानेश्वरीत हा शब्द बहुधा याच अंगाने येतो. हिंदीत आणि पंजाबीत संसार म्हणजे सारे जग. आपण मराठी माणसांनी मात्र तो उचलून चुलीपाशी आणून बसवला. लग्न झाले की मुलगी संसाराला लागते, आणि पुरात भांडीकुंडी गेली की आपण म्हणतो, संसार वाहून गेला.

कन्नड-तेलुगूतही तो घरातच राहिला. तमिळ बोलण्यात 'संसारम्' म्हणजे चक्क बायको! आणि केरळात संसारम् म्हणजे बोलणे. तिथे कुणी संसार सोडा म्हटले, तर नुसते गप्प बसले की झाले. समुद्रापलीकडे इंडोनेशियात त्याचे 'संगसारा' झाले, अर्थ हालअपेष्टा. थायलंडात झाले 'सोंगसान', आणि त्याचा अर्थ कुणाची तरी कणव येणे. फेऱ्यात सापडलेल्या जीवाकडे पाहून जे वाटावे, तेच तिथे शब्दाचा अर्थ होऊन बसले. मला हा अर्थ फार आवडतो.

आता विठ्ठलपंतांचे पाहा. घर म्हणजेच संसार, असे धरून त्यांनी काशीस संन्यास घेतला. मागे पत्नी आहे हे कळताच गुरूंनी त्यांना आळंदीला परत धाडले, असे चरित्रे सांगतात. त्या परतलेल्या घरात निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई जन्मली. संन्याशाची पोरे म्हणून समाजाने त्यांना वाळीत टाकले, ते आपल्याला ठाऊकच आहे. नाथ पैठणला गृहस्थच राहिले. तुकोबांनी १६३० च्या दुष्काळात घरची माणसे गमावली, तरी संन्यास घेतला नाही.

एवढे सगळे आजींना तिथे सांगत बसलो नाही. विचारले, "तुमच्या घरचा सैपाक कधी आवरतो?" हल्ली आमची पोथी रात्री नऊला लागते. आजींची सून पुढच्याच रांगेत असते.